काशी टॉवर, गाळा नंबर एक

बदलापूरच्या बेलवलीत चार मजली इमारत उभी राहिली ती एक्क्याण्णव साली, आणि तिला टॉवर म्हणायचं हे ठरवलं उल्हासनगरच्या परसरामशेठ बिल्डरने. तळाला चार गाळे, वर चार मजले, लिफ्ट नाही, पण टॉवर. आजूबाजूला सगळी कौलारू बैठी घरं होती, त्यामुळे नाव अगदीच खोटं होतं असंही म्हणता येत नव्हतं. जमीन काशीबाईंची होती म्हणून पुढे काशी लागलं. पाटी लावली तेव्हा काशीबाईंनी ती दोनदा वाचून घेतली, एकदा मुलाकडून आणि एकदा परक्याकडून. मुलगा खूश करायला काहीही वाचेल असा त्यांना संशय होता.

जमिनीच्या बदल्यात एक घर आणि एक गाळा मिळणार होता. घर कोणत्या मजल्यावर हवं हे विचारायला परसरामशेठ स्वतः आले होते. जुन्या घराच्या ओट्यावर चहा पीत ते म्हणाले, "माताजी, ग्राउंड फ्लोरला पिछाडीचा ब्लॉक घ्या. चढना नहीं, उतरना नहीं. गुडघ्याला आराम."

काशीबाईंचा मुलगा हरिचंद्र मान डोलवायला लागलाच होता.

"म्हंजे माज्या डोक्यावर चार घरा नांदनार?" काशीबाई म्हणाल्या. "माज्या देव्हाऱ्यावर लोकांचे पाय?"

साठी उलटेपर्यंत काशीबाईंच्या डोक्यावर फक्त कौलं होती आणि कौलांवर कावळे. आपण जेवतोय आणि वर कोणीतरी चालतंय, ही कल्पनाच त्यांना शिवीसारखी लागली. कुंपणाशी शेजारच्या चार बायका कान देऊन उभ्या होत्या. त्यांनाही ऐकू जावं म्हणून काशीबाईंनी आवाज चढवला. "जागा माजी. माज्या जाग्यावर माज्या डोक्यावर कुनाचा पाय नको. मी ऱ्हायन तर सगल्यांच्या वर!"

"आये, चार मजले हायेत," हरिचंद्र हळूच म्हणाला.

"चार काय नि चाळीस काय! डोंगर चढलेली बाई हाय मी."

बायका खूश झाल्या. परसरामशेठ तर फारच खूश झाले, कारण सगळ्यात वरचा मजला कोणी घेत नव्हतं.

राहायला गेल्यावर पहिले आठ दिवस मजेत गेले. नातेवाईक येत, धापा टाकत, पाणी पीत, आणि काशीबाई त्यांना गॅलरीत नेऊन मलंगगडाचा डोंगर दाखवत. जणू काही तोही शेठने करारात लिहून दिला होता. नवव्या दिवसापासून नातेवाईक येईनासे झाले. बहात्तर पायऱ्या होत्या. काशीबाई एकदा खाली उतरल्या की वर यायला त्यांना अर्धा तास लागे. प्रत्येक मजल्यावर त्या थांबत, बंद दाराकडे बघत आणि कठड्याला धरून गुडघ्यांना काहीबाही बोलत. मग उतरणंच कमी झालं.

जुन्या घराच्या ओट्यावर बसलं की सगळी बेलवली पायाने ओळखू यायची. कोणाची वहाण फाटली, कोणाची सून माहेराहून परतली, कोण कोणाशी बोलत नाही, हे चहा निवायच्या आत कळायचं. जाणारा बसायचा, बसलेला उठायचं नाव घ्यायचा नाही. आता माणसं वरून दिसत, म्हणजे त्यांचे भांग आणि टकलं दिसत. टकलाला हाक काय मारायची? आणि मारली तरी तो चारी दिशांना बघणार, वर सोडून.

खाली तरी काय होतं? चारपैकी तीन गाळे उल्हासनगरच्या व्यापाऱ्यांनी घेऊन ठेवले होते, पुढे भाव येईल म्हणून. तीन शटर, तिन्ही बंद. उरलेला गाळा नंबर एक हरिचंद्रचा. तोही रिकामाच. ओटा म्हणून शेठने पुढे एक फरशी टाकली होती, तिच्यावर कुत्रं झोपायचं. स्टेशनवरून येणारी माणसं त्या शटरांसमोरून खाली मान घालून झपझप चालत आणि जिना चढून दार लावून घेत. थांबावं असं तिथे काही नव्हतंच. गावातली सगळ्यात मोठी इमारत आणि सगळ्यात मुकी गल्ली, दोन्ही काशीबाईंच्या नावावर लागल्या होत्या.

"आये, खाली जाऊन बसा की जरा," सून वेणू म्हणायची.

"कुठं बसू? शटराला पाठ लावून?" काशीबाई म्हणायच्या. "मना इथंच बरा हाय. हवा बघ कशी येते!"

हवा खरंच येत होती. माणूस येत नव्हता. काशीबाईंना दिवस खायला उठायचा, आणि हे कोणाला सांगायची सोय नव्हती. त्या चार बायकांसमोर शब्द टाकला होता ना! तो परत घ्यायचा तर कुंपणापाशी जाऊन घ्यावा लागला असता, आणि कुंपणाच्या जागी आता सोसायटीची भिंत होती.

आणखी एक गोष्ट त्या कबूल करत नव्हत्या. डोक्यावर पाय होतेच. वर गच्ची होती. सकाळी वर धपधप व्हायचं, दुपारी पाट सरकवल्यासारखा आवाज यायचा, संध्याकाळी पोरं पळायची.

"वर कोन, आये?" असं वेणूने विचारलं की काशीबाई म्हणत, "मांजर असंल."

"इतकी मोठी?"

"टॉवरची मांजरा ती."

मग एका सकाळी मेथी जास्त झाली. हरिचंद्रकडे उल्हास नदीच्या काठाला अजून अर्ध्या एकराची पट्टी होती. नोकरीवर जायच्या आधी तो तिथे जाऊन यायचा आणि सायकलला पोतं बांधून भाजी आणायचा. घरात ढीग पडला. खाली एक बाई मेथी शोधत चालली होती, काशीबाईंनी वरूनच ओळखलं, कारण रिकामी पिशवी हलवत चालणारी बाई दुसरं काय शोधते? त्यांनी विहिरीचा जुना दोर काढला, टोपलीला बांधला आणि टोपली खाली सोडली. खालून कोणाचं लक्ष जाईना, म्हणून दुसऱ्या दिवशी टोपलीला मेलेल्या बैलाच्या गळ्यातली घुंगरांची माळ बांधली. मग लक्ष जायला लागलं.

भाजी आधी पायऱ्यांनी चार मजले वर चढायची आणि मग दोरीने चार मजले खाली उतरायची. हरिचंद्रला हे पटत नव्हतं. "आये, पोता खालीच ठेवला तर?"

"खाली बसनार कोन?" काशीबाई म्हणाल्या, आणि पुढचं बोलणं त्यांनी गिळलं.

वजन नाही, काटा नाही. वाटा लावायचा, वर दोन वांगी जास्त टाकायची आणि सोडायचा. घुंगरू वाजले की गल्लीत चार बायका जमू लागल्या. त्या जमल्या म्हणून बांगडीवाला थांबू लागला. काशीबाई कठड्यावर ओणवून ओरडत, खालून उत्तरं येत, आणि कोणाच्या सुनेला दिवस गेले ही बातमी गल्लीतून चौथ्या मजल्यापर्यंत जाताना मधल्या तिन्ही मजल्यांना फुकट मिळायची.

टोपलीही मधेमधे अडायची. तिसऱ्या मजल्यावर कोणी वाटीभर चटणी ठेवी, दुसऱ्यावर कोणी फुलाची पुडी काढून घेई. पण सगळ्यात जास्त वेळ ती पहिल्या मजल्यावर थांबायची. तिथे कुमुदिनीबाई राहत.

कुमुदिनीबाईंची तीस वर्षं अंबरनाथ पश्चिमेला गेली होती, खाली दुकानं आणि वर घर अशा जागेत. किराणावाल्याशी गॅलरीतून भांडल्याशिवाय त्यांचा दिवस उजाडला नव्हता. नवरा कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झाला आणि स्वस्त, शांत जागा म्हणून इथे आला. शांततेने कुमुदिनीबाईंचे कान दुखायला लागले होते. घुंगरू ऐकले की त्या हातातलं टाकून गॅलरीत धावत, दोर धरत आणि मान वर करून हळूच म्हणत, "काशीबाई, वाल आलेत का हो?"

हळूच, कारण नवरा घरात असे. विष्णुपंत सोसायटीचे चेअरमन होते. ज्या कारखान्यात भोंगा वाजला की हजार माणसं रांगेत उभी राहत, तिथे त्यांची हयात गेली होती. रांग नसलेली चार माणसं दिसली तरी त्यांना ती गर्दी वाटे. बिनापरवाना वर-खाली करणारी टोपली त्यांच्या गॅलरीसमोरून दिवसाला वीस वेळा जात होती, वाजत जात होती, आणि एकदा तिने त्यांच्या वाळत घातलेल्या धोतरावर मेथीची माती सांडली होती. त्यांनी जिन्यात सूचना लावली. कार्बन घालून पाच प्रती केल्या होत्या. काशीबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी त्यातल्या एका प्रतीत मिरच्या बांधून खाली सोडल्या.

आणि मग डांगर पडलं.

आठ किलोचा लालभडक भोपळा होता तो. टोपली पहिल्या मजल्यावर आली, थांबली, एकदम तिरकी झाली, आणि भोपळा सुटला तो थेट विष्णुपंतांच्या स्कूटरवर. मागची सीट बसली, दिवा फुटला, आणि जपून वापरायची म्हणून रोज पुसून ठेवलेली ती निळी स्कूटर केशरी झाली. विष्णुपंत गॅलरीत आले, त्यांनी खाली बघितलं, मग वर बघितलं. चौथ्या मजल्यावर काशीबाई दोर धरून उभ्या होत्या. पंत आत गेले आणि त्यांनी नवा कार्बन काढला.

रविवारी संध्याकाळी पाच वाजता सर्वसाधारण सभा, गच्चीवर. विषय एक, दोर व टोपली कायमची बंद करणे. विषय दोन, गाळा नंबर एकच्या भाडेकरूस ना हरकत देणे.

दुसरा विषय काशीबाईंना ठाऊक नव्हता. वेणूने वाचून दाखवला तेव्हा त्या कोथिंबीर निवडत होत्या, त्यांचा हात थांबला.

"कोन भाडेकरू?"

"कापडाच्या गाठी ठेवनारा शेठ हाय कोनतरी. विष्णुपंतांनी आनला. ह्यांनी बयाना पन घेतला," वेणू म्हणाली. "तुमाला सांगनार होते."

रिकामा गाळा काशीबाई रोज वरून बघत होत्या. त्याच्यापुढची फरशी जुन्या ओट्याच्याच जागेवर होती, दोन हात इकडे-तिकडे. एक दिवस आपण तिथे जाऊन बसू, कसं ते माहीत नाही, पण बसू, एवढ्यावर त्यांचे महिने निघत होते. आता चौथं शटरही पडणार होतं.

रविवारी पाच वाजता डोक्यावर खुर्च्या ओढल्याचा आवाज सुरू झाला. तीसएक माणसं चालली, बसली, पुन्हा उठली. छताच्या नव्या रंगाचे दोन पोपडे सुटून देव्हाऱ्यात पडले, एक गणपतीवर आणि एक समईत. वेणूने सासूकडे बघितलं.

"मांजर?" ती म्हणाली.

काशीबाईंनी पदर खोचला आणि त्या घर घेतल्यापासून पहिल्यांदाच वरच्या अठरा पायऱ्या चढायला लागल्या.

गच्चीवर विष्णुपंत उभे राहून वाचत होते. "महिन्यातून दोनदा टेम्पो येईल. बाकी शटर बंद. गिऱ्हाईक नाही, गर्दी नाही, आवाज नाही. असा सज्जन भाडेकरू शोधून सापडायचा नाही!" हरिचंद्र मागच्या खुर्चीत मान घालून बसला होता. आई दारात दिसल्यावर त्याने ती आणखी खाली घातली.

काशीबाई चारी बाजूंना बघत राहिल्या. दोऱ्यांवर तीन मजल्यांचे कपडे होते, पापड वाळत घालायच्या खाटा होत्या, पोरांनी खडूने आखलेली लंगडी होती. ती नेमकी त्यांच्या देव्हाऱ्यावर होती.

"काशीबाई, बसा," विष्णुपंत म्हणाले. "तुमचाच विषय चाललाय. दोर बंद करावा लागेल. नियम आहे."

"सायेब, ही गच्ची कुनाची?"

"सगळ्यांची. सामाईक."

"म्हंजे सगल्यांनी माज्या डोक्यावर चालायचा?"

"तसं नाही, पण... हो. चालायचं."

कोणीतरी हसलं. काशीबाईही हसल्या, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं पुढच्या रांगेला दिसलं.

"तर मग मी सांगतंय ते ऐका," त्या म्हणाल्या. "चुकी माजी हाय. शेठ बोलला खाली ऱ्हा, पोरगा बोलला खाली ऱ्हा. मीच तोंड वर करून बोलली, माज्या डोक्यावर कुनाचा पाय नको. चार बायांसमोर बोलली, म्हनून परत घेता येईना. वर येऊन मना काय भेटला? हवा! माज्याशी बोलाला कोन चढनार चार मजले? भाजी विकाची नव्हती मना, सायेब. भाजी म्हंजे निमित्त. टोपली खाली गेली का मी पन थोडी खाली जायाची." त्यांनी लुगड्याने नाक पुसलं. "डोक्यावर पाय ऱ्हानारच हायेत, ते आता कलला. पायाखाली माजी जमीन तरी असू द्या. दोर कापा, पन गाळ्याचा शटर बंद करू नका. मना तिथं बसाचा हाय."

नियमांच्या पुस्तकात ह्याला कलम नव्हतं. विष्णुपंत घसा खाकरून म्हणाले, "ते सगळं ठीक आहे, पण भोपळा—"

"भोपळा मी पाडला," कुमुदिनीबाई उभ्या राहून म्हणाल्या.

विष्णुपंतांनी चष्मा काढला.

"टोपली मी धरली होती. वालाची पुरचुंडी काढत होते, तेवढ्यात तुमच्या चपलांचा आवाज आला आणि मी घाबरून दोर सोडला. ह्या बिचाऱ्या चार दिवस आपली चूक म्हणून गप्प बसल्या."

"पण वाल तर तू अंबरनाथच्या बाजारातून आणतेस."

"दोन महिने टोपलीतून घेतेय. 'बदलापुरात असले वाल मिळायचे नाहीत' असं म्हणत तीन-तीनदा बिरडं वाढून घेता, ते ह्यांच्याच शेतातले."

आता मात्र सगळी गच्ची हसली. तीस वर्षं भोंग्यावर माणसं हलवलेल्या माणसाला पुढे काय करावं ते सुचेना. त्यांनी कागद बघितला, कागदाची कार्बन प्रत बघितली, आणि दोन्ही घडी करून खिशात घातल्या.

हरिचंद्र उठला. त्याला लोकांपुढे बोलायची सवय नव्हती. "बयाना मी उद्या परत देऊन येतो," एवढंच तो म्हणाला. मग आईकडे न बघता म्हणाला, "आये, आधी बोलायचास ना गो."

"तू आधी विचारायचास," काशीबाई म्हणाल्या, आणि दोघांचं भांडण तिथेच मिटलं.

गाळा नंबर एक उघडला तो पुढच्या गुरुवारी. पाटी नव्हती, काउंटर नव्हता. फरशीवर गोणपाट, गोणपाटावर वाटे आणि वाट्यांमागे काशीबाई. कुत्र्याला त्यांनी हाकललं नाही, फक्त सरकवलं. पहिल्या दिवशी भाजी दहा वाजता संपली आणि माणसं बारापर्यंत बसली. आठवड्याने वरच्या बिऱ्हाडांनी मिळून गाळ्याबाहेर एक दिवा लावला, त्यामुळे संध्याकाळी क्लासवरून येणाऱ्या पोरी त्या गल्लीतून रमतगमत यायला लागल्या. महिन्याभराने उल्हासनगरचा एक व्यापारी आपल्या बंद गाळ्याची धूळ बघायला आला. तो गर्दी बघून तिथेच थबकला आणि दुसऱ्या महिन्यात त्याने वह्या-पेनांचं दुकान थाटलं. मग तिसरं शटर वर गेलं, शिलाईच्या यंत्राचा आवाज सुरू झाला. इमारत तीच होती, तेवढीच उंच. पण पत्ता सांगताना लोक आता टॉवर म्हणत नव्हते, काशीबाईंच्या ओट्यासमोर असं म्हणत.

एक दिवस संध्याकाळी डोक्यावर ओळखीचे घुंगरू वाजले. पहिल्या मजल्यावरून टोपली खाली येत होती. दोर बंद झाला होता, काशीबाईंनी तो भर सभेत सोडलाच होता आणि टोपली घुंगरांसकट कुमुदिनीबाईंना देऊन टाकली होती. काशीबाईंनी वर बघितलं, तर दोराच्या टोकाला चेअरमन.

"अर्धा किलो वाल," विष्णुपंत इकडेतिकडे बघत म्हणाले.

काशीबाईंनी दोर दोनदा खाली ओढला. "सायेब, एक मजला तर हाय. खाली या. भाजी खाली भेटते."

ते आले. वाल घेतले. मग कुत्र्याशेजारी जागा होती तिथे, फक्त दोन मिनिटं म्हणून, टेकले. कुमुदिनीबाईंनी वरून तीनदा हाक मारली तेव्हा उठले. दुसऱ्या दिवशी ते येताना स्वतःची उशी घेऊन आले.

दिवेलागणीनंतर शटर ओढून काशीबाई घरी निघत. बहात्तर पायऱ्या तशाच होत्या, गुडघेही तेच. पण पूर्वी त्यांना वर जायला अर्धा तास लागायचा, आता दीड तास लागतो. पहिल्या मजल्यावर कुमुदिनीबाईंचा चहा असतो. दुसऱ्यावर कोणाचं तरी बाळ मांडीवर घ्यावं लागतं. तिसऱ्यावर एक भांडण गेले तीन आठवडे त्यांच्या निवाड्यासाठी थांबलेलं आहे. त्या घरी पोहोचतात तेव्हा वेणूने भात दुसऱ्यांदा गरम केलेला असतो.

"आये, एवढा उशीर?"

काशीबाई दारातच बसतात, पाय पसरतात आणि तोंड वाईट करतात.

"गुडघे गो," त्या म्हणतात. "दुसरा काय!"